पाण्याचे पैसे

तव्यावरची भाकर उलटून मैनाने स्वयंपाकघराच्या पडद्याची कड बोटभर सरकवली. कोपऱ्यातल्या टेबलाशी तिचे बाबा बसले होते. पागोटं काढून मांडीवर ठेवलेलं, पायाशी रिकामी टोपली. समोरचा काचेचा ग्लास पाण्याने भरलेला होता आणि बाबांनी नेहमीप्रमाणे त्याला हात लावला नव्हता. ते पाहून तिला हायसं वाटलं.

अकोल्यात त्या साली हॉटेलांचं पेव फुटलं होतं. एकात ग्रामोफोन होता, एकात भिंतभर आरसे, तर एकात पंख्याखाली बसायचे वेगळे पैसे पडत. मैनाचा नवरा चंद्रभान यानेही कापूस बाजाराच्या रस्त्यावर ‘न्यू बरार हिंदू हॉटेल’ काढलं. जुनं बरार हॉटेल कुठे होतं हे त्याला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं. आरसे नाहीत, ग्रामोफोन नाही, होता तो फक्त बायकोच्या हाताचा गुण. मैनाची वांग्याची भाजी आणि कढी-गोळे खायला अडते यायचे, जिनिंगमधले बाबू यायचे. सोवळ्यातले वकील मागच्या दाराने आत शिरायचे आणि पोट भरल्यावर विसरून पुढच्या दाराने बाहेर पडायचे.

पण तिच्या हातचं खाऊन तृप्त झालेल्या या गर्दीत मैनाला हवा होता तो एकच माणूस, आणि तो रीतीला बांधलेला होता. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. गावातले बाकीचे बाप दोन-चार वर्षांत सैल पडले. मैनाचे बाबा नत्थुजी मात्र एकदा धरलं की सोडणाऱ्यातले नव्हते. नांदगाव खंडेश्वरच्या मळ्यातली वांगी टोपलीत घालून ते बडनेऱ्याहून रेल्वेने यायचे, टोपली लेकीच्या ओट्यावर उतरवायचे आणि समोरच्या निंबाखाली बसून घरून बांधून आणलेली वाळकी भाकर खायचे. वांगी आपल्याच मळ्यातली, पण लेकीच्या चुलीवर शिजली की परकी. मैना दारात उभी राहून बघायची आणि मग आत येऊन भांड्यांवर राग काढायची.

हॉटेल निघालं तेव्हा नत्थुजींना वाट सापडली.

"हाटेल म्हनजे काई पोरीचं घर थोडंच हाये?" ते म्हणाले. "पैसे टाकले का आपन गिऱ्हाइक."

चंद्रभान लाजेने अर्धा झाला. सासऱ्याकडून जेवणाचे पैसे घ्यायचे? मैनाने त्याला आत बोलावलं.

"घ्या मुकाट्यानं. नाई घेतले त उठून जातीन ते."

लग्नाला आठ वर्षं झाल्यावर बापाने लेकीच्या हातचा पहिला घास खाल्ला. पडद्याआड मैनाला रडू आवरेना. पिठाच्या हातांनी डोळे पुसल्यामुळे ती त्या दिवशी संध्याकाळपर्यंत भुतासारखी दिसत होती, आणि तिला कोणी सांगितलंही नाही.

अडलं ते फक्त पाण्यावर. हॉटेलात पाण्याचे पैसे कोणी घेत नाही, आणि फुकटचं पाणी म्हणजे लेकीचं पाणी. बाबा जेवायचे, ताटाशेजारी दुअन्नी ठेवायचे आणि आपला लोटा घेऊन समोरच्या धर्मशाळेच्या विहिरीवर जायचे.

"पान्यानं काय होते बाबा?" एकदा न राहवून तिने विचारलं होतं.

"तुह्या लेकराच्या बारशाले पिईन ना बाई. घागरभर पिईन."

तो भरलेला ग्लास उचलताना मैनाचा जीव जळायचा. आपल्यात काय कमी आहे ते कोणीतरी मोजून टेबलावर ठेवलंय, असं तिला वाटायचं.

दोनदा तिची कूस भरता भरता रिकामी झाली होती. तिसऱ्या खेपेला, दृष्ट लागायला नको म्हणून, तिने दिवस गेल्याचं बाबांना कळवलंही नाही. पण भादव्यात तेही गेलं. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी चंद्रभानला बाजूला घेतलं आणि आता मूल होणार नाही असं सांगितलं. चंद्रभान ओक्साबोक्शी रडला. मैनाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाबाले सांगू नोका."

तिच्या लेकराला आता जगात एकच जागा उरली होती, ती म्हणजे बाबांच्या मनात. ग्लास भरलेला राहिला की बाबा अजून त्याची वाट पाहताहेत. इतकी वर्षं डोळ्यांत खुपलेला तो ग्लास आता तसाच राहावा, म्हणून ती पडद्याआडून देवाला हात जोडायची.

दुपारची गर्दी ओसरली होती. चंद्रभान गल्ला सोडून बाबांसमोर येऊन बसला. बाबा हसत काहीतरी सांगत होते, दोन बोटांनी हवेत लहानसा गोल काढून दाखवत होते. मग चंद्रभान बोलू लागला आणि बाबांचा हात टेबलावर पडला. कापसाचे भाव निघाले असतील, मैनाने मनाशी म्हटलं. भाव पडले की पुरुषांचे चेहरे असेच होतात. तव्यावरची भाकर करपू लागली तशी ती चुलीकडे वळली.

ताट न्यायला चंद्रभान आत आला, पण त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

पुन्हा पडदा सरकवला तेव्हा बाबा हात धुवायला मोरीवर गेले होते. मैना बाहेर आली. भाजी संपली होती, भाकर अर्धी उरली होती. दुअन्नी कुठे दिसत नव्हती. आणि ग्लास रिकामा होता.

सांडलं असेल. तिने खाली वाकून टेबलाखाली पाहिलं. फरशीवरून तळहात फिरवला. फरशी कोरडी होती.

"मी सांगतलं त्याईले," चंद्रभान मागून म्हणाला. "तुह्या लेकरासाठी चांदीचे वाळे घेऊन ठेवले म्हने. केवढाले हायेत ते दाखवून राह्यले होते. मले नाई राहावलं, मैना."

मैनाने रिकामा ग्लास उचलला आणि आत नेला.

मोरीवरून बाबा आले. मिशा ओल्या, डोळे लाल. नेहमीच्या टेबलाकडे न जाता ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन जमिनीवर बसले, एखाद्या घरच्या माणसासारखे.

"भाजी तिखट झाली आज," ते म्हणाले. उभ्या जन्मात नत्थुजींनी कुठल्या भाजीला तिखट म्हटलं नव्हतं. "पानी दे बाई."

मैनाने घागरीतून ग्लास भरला. अर्धं पाणी बाबांच्या धोतरावर सांडलं.

"असू दे," बाबा म्हणाले, आणि उरलं तेवढं पिऊन त्यांनी ग्लास पुन्हा पुढे केला. तो भरला, तोही त्यांनी संपवला. तिसऱ्यांदा ग्लास पुढे आला तेव्हा मैना त्यांच्यासमोर खाली बसली आणि घागरच जवळ ओढून घेतली.