सव्वाअकराचं काम

"तिनावर आलंय दादा. सातावरून थेट तिनावर! तुमी त्या पानांवर काई बदललं का?" लेक आरोही पुण्याहून विचारत होती.

गहिनीनाथ मिस्त्रीच्या पुढ्यात पाणबुडी मोटार उघडी पडली होती. दोन्ही हात वार्निशनं चिकट झालेले, आणि फोन कान नि खांदा यांच्यामध्ये कसाबसा दाबून धरलेला. "मी कशाला बदलू? हायेत तशीच हायेत की," तो म्हणाला. "आन् धातल्या तीन म्हंजे नापासच की गं?"

"नापासच."

पन्नाशी उलटलेल्या माणसाला नापास म्हणवून घेणं जड जातं. गहिनीनाथाला तर जास्तच, कारण पाटोद्याच्या बाजारात तीस वर्षं जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देताना त्याला नावं ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती. पण शेतात सौर पंप बसायला लागले तसं दुकान ओसरत गेलं. तेव्हा दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या मुलीनं, आरोहीनं, त्याच्या जुन्या वह्या बाहेर काढल्या. हाताखालून गेलेल्या प्रत्येक मोटारीचं दुखणं लिहून ठेवायची त्याला खोड होती. 'मोटार गुणगुणते पण फिरत नाही.' 'पाणी येते पण दम नाही.' 'सुरू होताच फ्यूज जातो.' अशी एकेचाळीस दुखणी, त्यांची कारणं आणि उपाय तिनं टाइप करून वेबसाइटवर चढवले. कुठकुठले शेतकरी विहिरीच्या काठावर उभे राहून ती पानं वाचू लागले आणि मिस्त्रीची मान चार बोटं वर झाली.

पानांच्या कडेला जाहिराती येत. त्या एक कंपनीच लावायची. वाचणाऱ्यानं जाहिरातीवर बोट दाबलं की जाहिरातवाल्या दुकानदाराकडून कंपनी पैसे घेई आणि त्यातला थोडा वाटा गहिनीनाथाला देई. कंपनी प्रत्येक वेबसाइटला दहापैकी गुण देत असे. गुण चांगले तर जाहिराती चांगल्या, वाटाही बरा. त्याच वाट्यातून वनमालाचा व्यायाम करून घ्यायला रोज सकाळी एक बाई घरी येत होती. वनमाला म्हणजे त्याची बायको. दीड वर्षापूर्वी तिला लकवा मारला आणि उजवं अंग गेलं.

"गुण कावून गेले पण?" त्यानं विचारलं.

"खोटे क्लिक येतायत म्हणं. कुणीतरी जाहिरातीवर दाबतंय आन् लगेच माघारी फिरतंय. वाचत न्हाई, घेत न्हाई, फोन करत न्हाई. असं चाललं तर जाहिराती कायमच्या बंद करतील दादा."

"खोटं कशाला दाबंल कुनी? लोकायला काय कामं न्हाईत का?"

त्याचं त्यानंच ठरवून टाकलं की दोष आपल्या लिहिण्यात आहे. मग हा गडी आठवडाभर लिहीत बसला. बेअरिंगच्या आवाजाचं पान त्यानं तीनदा नवं केलं, आवाज कसकसा येतो ते तोंडानं काढून पाहिलं आणि मग शब्दांत बसवलं. समोरचा चहावाला हसून हसून बेजार झाला. आठवड्यानं गुण दोनावर आले.

त्या सोमवारी बीडहून सोमेश्वरअप्पा आले. बीडच्या मोंढ्यात त्यांचं पंपांचं जुनं दुकान. कपाळाला भस्म, अंगात पांढरा सदरा, आवाज कधी चढायचा नाही. मिस्त्रीशी वीस वर्षांची ओळख. बाकड्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या गावात माझ्यावर कुनाचा राग हाय का?"

"तुमच्यावर? कायतरीच अप्पा!"

अप्पांनी खिशातून कागद काढला. पुतण्यानं काढून दिला होता. "ही माझी जाहिरात. तुमच्याच वेबसाइटवर येती, म्हनून मला बी बरं वाटलं हुतं, घरच्या मानसाकडं चाललाय पैसा. पन हे बघा. गाव पाटोदा. टाइम सव्वाअकरा. रोज. ऐतवारी बी खाडा न्हाई. दाबलं की गेलं. दुकानाचं नाव सुदा वाचत न्हाई मानूस. माझे मात्र दर वेळंला पैसे कापले जातेत. तीन महिन्यांत इथून एक गिऱ्हाईक आलं न्हाई."

गहिनीनाथानं कागद हातात घेतला. सव्वाअकरा, सव्वाअकरा, अकरा सतरा, सव्वाअकरा. व्यायामाची बाई अकराला जाते. वनमालाला गोळी देऊन, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून तो अकरा दहाला घराबाहेर पडतो. त्याला एकदम उकडायला लागलं.

"बघतो मी अप्पा," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अकरा दहाला तो नेहमीसारखा निघाला, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी थांबला आणि परत फिरला. स्वतःच्याच घरात चोरासारखा शिरताना त्याला फार वाईट वाटलं. दार लोटलेलं होतं. वनमाला भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात पिठाच्या डब्याला फोन टेकवून ठेवला होता आणि डाव्या हाताचा अंगठा त्यावर पडत होता. दाबायचं, मागं यायचं, पान वर सरकवायचं, पुन्हा दाबायचं. ओठ हलत होते.

ते ओठ त्यानं पंचवीस वर्षं पाहिले होते. मोटार भरताना तांब्याच्या तारेचे वेढे मोजून घालावे लागतात, एक वेढा इकडचा तिकडं झाला तर मोटार तापते. दुकानातलं वेढ्यांचं काम वनमालाचं. ती ओठांत मोजायची, आणि मोजत असताना तिच्याशी बोलायची कुणाची प्राज्ञा नसे. लोक मिस्त्रीचं नाव घेत, पण मोटारी टिकत त्या हिच्या हातानं. हे तो चारचौघांत कधी बोलला नव्हता. त्या क्षणी त्याला त्याची लाज वाटली.

"अठरा," ती म्हणाली आणि वर पाहिलं. "अगंबाई! तुमी कवा आलात?"

"किल्ली ऱ्हायली हुती. काय करालीस?"

ती लाजली. तोंडाची एकच बाजू हसायची, तरी लाजलेलं कळलं. "तुमाला सांगनार न्हवते मी. समद्या जाहिराती दाबते रोज. एकदा एक. पोळ्यापासून एक दिस खाडा केला न्हाई."

"आन् मला बोलली बी न्हाईस?"

"बोलायचं काय त्यात? घरचं काम हाय." तिनं पदर सावरायचा प्रयत्न केला. "तुमी राबता, पोरगी राबती, आन् मी नुसती बसून खाते. म्हनलं एक अंगठा तरी हाय. आन् दाबते की लगीच मागं येते बरं का. आपल्याला घ्यायचं न्हाई त्यांचं, मग उगंच कशाला दुकानात बसून ऱ्हायचं?"

गहिनीनाथ खाली बसला. सांगायला हवं होतं. दोन वाक्यं होती, त्याहून जास्त नाही. तुझ्या दाबण्यानं गुण चाललेत, सोमेश्वरअप्पांचे पैसे नाहक कापले जातायत. पण ही बाई उभ्या जन्मात कुणाच्या शेंगदाण्याला हात न लावणारी. वाण्यानं चुकून दोन रुपये जास्त दिले तर उन्हात परत जाऊन देणारी. तिला हे सांगायचं म्हणजे काय सांगायचं? आणि दीड वर्षात पहिल्यांदा तिच्या तोंडावर काम उरकल्याचं समाधान दिसत होतं.

"लई बेस केलंस," तो म्हणाला आणि दुकानात गेला.

संध्याकाळी त्यानं आरोहीला फोन केला. पाहिलं ते तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमी सांगा मायला."

"तू सांग."

"मला न्हाई जमायचं दादा."

"मग मला कसं जमंल?"

शेवटी तिनंच मार्ग काढला. फक्त आईच्या फोनवर जाहिराती दिसायच्या नाहीत, त्या जागी दुसरी चित्रं दिसतील, असं करता येण्यासारखं होतं. शनिवारी येते आणि करते, म्हणाली. तोवर तीन दिवस होते. तिन्ही दिवस गहिनीनाथ अकरा दहाला घरातून निघाला आणि सव्वाअकराला दुकानात बसून घड्याळाकडं पाहत राहिला. गोळी उशिरा द्यावी, फोन बरोबर न्यावा, चार्जर लपवावा, असं सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. त्यातलं काहीही त्याच्या हातून झालं नाही.

शुक्रवारी दुपारी कंपनीचं पत्र आलं. वेबसाइटवरच्या जाहिराती कायमच्या बंद, फेरविचार नाही. त्यानं ते तीन वेळा वाचलं. त्या एकेचाळीस पानांवर कुणीही बोट ठेवू शकलं नसतं, आणि तरी ती खोट्या माणसाची पानं ठरली. त्याला रडू आलं. दुकानात कुणी नव्हतं म्हणून तो थोडं रडलाही.

मग त्यानं सोमेश्वरअप्पांना फोन लावला. "अप्पा, आता न्हाई व्हायचं तसं. जाहिरातीच गेल्या."

"कोन हुतं ते कळलं का?"

"घरचंच मानूस हुतं अप्पा. त्याला ठावं न्हवतं. तुमचे पैसे..."

अप्पांच्या मळ्यातली जुनी मोटार वनमालानं भरलेली होती, आणि ती लकव्यानं घरी बसून असते हे त्यांना माहीत होतं.

"वहिनी बऱ्या हायत का?" अप्पांनी विचारलं.

"हायत."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. पैशांचं त्यांनी काढलं नाही. पण त्यानंतर ते पाटोद्याला आले तरी दुकानाकडं फिरकले नाहीत.

शनिवारी आरोही आली, पण आता जाहिराती झाकायचं कामच उरलं नव्हतं. बापलेकीनं दुकानात बसून खलबत केलं. दुकानाच्या भिंतीवर टाचलेली कार्डं होती, पाइपवाल्याची, खतवाल्याची, एका साडीच्या दुकानाची. त्यांचे फोटो काढून तिनं पानांच्या कडेला लावले. जाहिराती असायच्या तिथंच, तेवढ्याच आकाराचे. शिवाय आईच्या फोनवरून त्या चित्रांवर किती वेळा बोट पडलं ते बापाच्या फोनवर दिसेल अशी सोय केली. ती त्यानंच मागितली होती. संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोला म्हणता आलं पाहिजे की कंपनीकडं इतके पोचले. व्यायामाची बाई मात्र त्या महिन्यापासून बंद झाली. तिला दुसरीकडं काम लागलं, असं त्यानं घरात सांगितलं, आणि सकाळचा व्यायाम तोच करून घेऊ लागला. त्याला ते नीट जमत नव्हतं.

चारपाच दिवस सुरळीत गेले. ती अठरा म्हणायची, त्याच्याकडं अठरा दिसायचे. "पोचले बरं का समदे," तो सांगायचा. एकदा तीच म्हणाली, "अवं, आताशा दाबलं तरी काई उघडत न्हाई."

"कंपनीनं नवी पद्दत काढलीय. उघडायची गरजच न्हाई."

"त्या साडीवाल्याचं दुकान तर मागंच बंद पडलं."

"परत काढलं असंल."

वनमालानं त्याच्याकडं पाहिलं. पंचवीस वर्षं तिनं मोटारी भरल्या होत्या. तारेत करंट आहे की नाही हे तिला कुणी शिकवायला नको होतं. "असंल," ती म्हणाली आणि भिंतीकडं वळली.

त्यानंतरच्या सोमवारी दुकानात बसल्या बसल्या गहिनीनाथानं आकडा पाहिला. शून्य. नेट गेलं असेल म्हणून त्यानं दुपारी पुन्हा पाहिलं, चारला पाहिलं. शून्यच. आज तिला बरं नसेल, या काळजीनं तो अंधार पडायच्या आत घरी आला.

वनमाला ठणठणीत होती. डाव्या हातानं लसूण सोलत बसली होती. एकेक पाकळीला तिला फार वेळ लागत होता. फोन सकाळी तो चार्जिंगला लावून गेला होता, तसाच खुंटीजवळ लोंबत होता. पिठाचा डबा जागेवर होता.

त्यानं पाय धुतले, टॉवेलनं तोंड पुसलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "काय, किती झाले आज?"

"एकोणीस," ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

गहिनीनाथ तिच्याजवळ बसला. पुढ्यातल्या लसणातल्या चार पाकळ्या त्यानं आपल्याकडं ओढून घेतल्या.

"म्हंजे कालच्यापेक्षा एक जास्तीच. थकली असशील."

"थकले जराशी," वनमाला म्हणाली.