बुधवारचा कॅम्प

बुधवारी कोळणीला कोणी कॅम्पला बोलावतं का? आमच्या शेफालीने बोलावलं! पोरगी माझीच, पण परळच्या कॉलेजात सार्वजनिक आरोग्य शिकायला लागल्यापासून तिने डोकं गहाण टाकलंय. कोळीवाड्याच्या हॉलमध्ये साखर तपासायचा फुकट कॅम्प, तोही बुधवारी सकाळी. कॉलेजची गाडी तेव्हाच मोकळी होती म्हणे. आम्ही सगळ्या दादरच्या बाजारात टोपल्या मांडून बसलेल्या. बुधवारचं गिऱ्हाईक सोडून रक्त द्यायला कोण जाईल?

संध्याकाळी बाईसाहेब फणफणतच घरात आल्या. "आई, एकसुद्धा आली नाही! तुम्हा बायकांना स्वतःची काळजीच नाही गं."

"काळजी नाय?" मी उसळले. "पहाटे धक्क्यावर जाऊन मासळी आणते ती कोणासाठी? शेजाऱ्यासाठी?"

भांडले खरी, पण पायातले प्लास्टिकचे बूट काही काढले नाहीत. आत उजव्या अंगठ्याला जखम होती. धक्क्यावर शिंगाळा माशाचा काटा घुसलेला, तो काढला, पण जखम भरायचं नाव घेईना. शेजारणीचा पाय असाच घोट्यापासून कापला होता. माझा गेला तर टोपली कोण उचलणार? म्हणून फडकं गुंडाळायचं आणि तोंड बंद ठेवायचं.

सोमवारी अर्धी मुंबई मासे खात नाही, म्हणून आम्ही घरी. शेफाली कॉलेजला गेली असं समजून मी मोरीत पाय धुवायला बसले. बघते तर ही मेली मागेच उभी! जखम बघून पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती दाराबाहेर बघत राहिली. गल्लीतल्या सगळ्या बायका ओट्यावर लसूण सोलत गप्पा छाटत होत्या.

"सोमवारी तुम्ही सगळ्या इथेच असता," ती हळूच म्हणाली. "मी याच घरात वाढले, आणि दिवस ठरवला गाडी बघून."

मला तिने ओढतच दवाखान्यात नेलं. साखर भरमसाट निघाली. डॉक्टरीणबाई अंगठा दाबून दाबून बघत होत्या आणि इथे माझा जीव टांगणीला. शेफालीचा हात मी इतका घट्ट धरला की ती कळवळली.

शेवटी बाई म्हणाल्या, "दमयंतीताई, कापायची गरज नाही. हाडापर्यंत गेलेलं नाही. पण गोळ्या रोज घ्यायच्या, आणि ड्रेसिंग चुकवायचं नाही."

मी तिथेच ढसाढसा रडले. आई एकवीरे, सुटले गं बाई!

पुढच्या सोमवारी कॅम्प पुन्हा लागला. हॉलमध्ये ही गर्दी! गाडी नव्हती, कॉलेजच्या पोरांनी सामान टॅक्सीतून आणलं. माझी धाकटी जाऊ मात्र दारातूनच परत फिरू लागली. म्हणे, मला काय धाड भरलीय? उगाच काहीतरी निघायचं नि पाय कापायचे.

मी पायातली चप्पल काढली. ती दचकून मागे सरली. अगं, मारायला नव्हे! मी पट्टी बांधलेला अंगठा तिच्यापुढे हलवून दाखवला.

"बघ, आहे ना जागेवर? मग चल आत."