डावरी कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. माझ्याबद्दल काही वाईटसाईट कानावर आले असेल, तर आधी माझीही बाजू ऐकून घ्या.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. एक शिंपी त्याच्या अगदी मानगुटीवर बसला होता. "पाती उलटी बसव बाबा, मी डावखुरा आहे," असे त्याने दहादा बजावले, तेव्हा कुठे मी त्याच्या हाताला बसले. मग आमची जोडी काय जमली म्हणून सांगू! कोटाचे जाड कापड असो की तान्ह्याचे झबले, मी लोण्यातून फिरावे तशी फिरायची. गिऱ्हाइके त्याच्या बेतण्याचे कौतुक करायची आणि मी मनातल्या मनात फुगायची.

पण त्याचा मुलगा रांगत होता तेव्हाच शिंपी वारला. मुलगा निघाला उजव्या हाताचा. मोठेपणी त्याने मला उचलले, तर कापड माझ्या पात्यांत दुमडूनच बसले. "बोथट आहे मेली!" तो म्हणाला. धारवाल्याकडे नेले, तरी तेच. नाचता येईना अंगण वाकडे! पण मला बोलता कुठे येते? पुढे मी रंगाचे डबे उघडू लागले, खिळे उपटू लागले. फार वाईट वाटायचे.

शिंप्याची नात वंशावळीच्या मागे हात धुऊन लागली होती. लहानपणी तिचा डावा हात मारून मारून उजवा केलेला. "आपल्यात कुणीच असं नाही, ही कोणावर गेलीय कोण जाणे!" हे ऐकतच ती वाढली. नातेवाइकांना विचारून विचारून तिने भिंतीएवढा कागद नावांनी भरला, पण आजोबांच्या नावापुढे 'शिंपी' एवढेच लिहिता आले.

घर बदलायच्या दिवशी तिच्या भावाने मला भंगाराच्या पोत्यात टाकले. मी गेले असते, तर शिंप्याची शेवटची खूणही गेली असती. तेवढ्यात खोकी बांधताना नातीला सुतळी कापायला काही सापडेना. तिने पोत्यात हात घातला. उजव्या हातात सुतळी होती, म्हणून मला डाव्यात धरले. कच्च! ती बघतच राहिली. मग चिंधी, पुठ्ठा, जे दिसेल ते कापत सुटली.

"दादा, आजोबांची ही कात्री बोथट नाहीये रे! ही डावरी आहे! आजोबा डावखुरे होते!"

"म्हणजे तू आजोबांवर गेलीस होय?" दादा ओशाळला. "आणि आम्ही सगळे तुलाच नावं ठेवत बसलो."

ती हसली आणि हसता हसता रडली.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी 'बिनकामाची' वस्तू असेल. टाकण्याआधी ती कोणाची, हे मोठ्यांना विचारा. ते आहेत तोवर विचारा.

काल तिने मला दादाच्या मुलीच्या हाती सोपवले.

"पण आत्या, मी तर उजवी. मला काय उपयोग?"

"तुला नसू दे. पुढे आपल्यात कुणी डावरं निघालं ना, तर त्याच्यावर हात उगारायच्या आधी सगळ्यांना हिची गोष्ट सांग."