सुरात लावलेला पियानो

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी ते आमच्या स्टुडिओत आले होते, माझा विसरलेला चष्मा द्यायला. आम्ही तिघं तेव्हा एका जुन्या इमारतीत लिफ्टच्या दाराची करकर रेकॉर्ड करत होतो. आमच्या गाण्यांना असली करकर लागते. शेजारच्या छापखान्यातल्या बाईंनी बाबांना दार उघडून दिलं.

आम्ही परतलो तेव्हा बाबा बाह्या सारून पियानोसमोर बसले होते. पियानोचं झाकण भिंतीला टेकवलेलं, तारांमध्ये आवाज दाबायच्या फेल्टच्या पट्ट्या, हातात खुंट्या पिळायची चावी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे पियानो सुरात लावले. हत्यारांची पिशवी घेतल्याशिवाय ते दाढी करायलाही बाहेर पडत नाहीत, असं आई म्हणायची.

"झालंच," ते म्हणाले. "अगं, काय अवस्था केलीत याची! शत्रूच्या घरीही असला पियानो नसावा."

ती अवस्था आम्ही मुद्दाम केली होती. एका शाळेने टाकून दिलेला तो पियानो आठ महिने हीटरला खेटून ठेवला होता. त्या उतरलेल्या, डुगडुगत्या सुरांवरच आमचा पहिला अल्बम उभा होता. दहापैकी सात गाणी झाली होती, तीन राहिली होती.

तात्या मटकन खाली बसला. तो चोवीस वर्षांचा आहे; रेकॉर्डिंग करतो आणि उठता-बसता कण्हतो, म्हणून तात्या.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही आमचा अल्बमच दुरुस्त केलात."

बाबांना ते कौतुक वाटलं. "अरे, घरचंच काम. ऐका तर खरं." त्यांनी दोन्ही हातांनी एक सावकाश सुरावट वाजवली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

आमची ड्रमर, प्रत्येक गोष्टीवर वाद घालते म्हणून जिला आम्ही वकील म्हणतो, फस्सकन हसली.

"बाबा, विचारायचं तरी!" मी म्हणाले. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला? आठ महिन्यांचं काम वाया गेलं."

त्यांनी फेल्टची एकेक पट्टी काढून, घडी घालून पिशवीत ठेवली. जाताना म्हणाले, "चष्मा लाव. डोकं दुखेल." दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता ते खुर्चीतच गेले.

पुढचे सात आठवडे मी सगळ्याला हो म्हणत होते. इथे सही करतेस का, हो. त्यांचे शर्ट देऊन टाकू का, हो. झोपून उठलं तरी अंगात त्राण नसायचं. वाचायला घेतलेलं पुस्तक त्याच पानावर उघडं राहायचं.

मग मी स्टुडिओत गेले. पियानो कुणी उघडला नव्हता. दोघंही माझ्याशी जपून वागत होते आणि त्याचाही मला शीण येत होता.

"घाई काहीच नाही," वकील म्हणाली. म्हणजे घाई होती. अल्बम दोन आठवड्यांत द्यायचा होता.

"जुने सूर माझ्याकडे मोजून ठेवलेत," तात्या म्हणाला. "काकांची चावी आणलीस तर एका दिवसात होता तसा उतरवतो. नाहीतर ही तीन गाणी त्या सातांत बसणारच नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी नेली. तात्याने कण्हत झाकण काढलं, पहिल्या खुंटीवर चावी बसवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"फिरवू?"

हो म्हणणं सोपं होतं. सवयच झाली होती. पण या खुंट्यांवर शेवटचा हात बाबांचा होता.

"थांब," मी म्हणाले.

"अगं, त्या दिवशी सगळ्यांत जास्त तूच चिडली होतीस," वकील म्हणाली. "मी तर नुसती हसले."

"तू हसलीस म्हणूनच चिडले."

"आता हेही माझ्यावर?"

"नाही, माझ्यावरच." मी पियानोपाशी स्टूल ओढून बसले. तात्याने खुंटीवरून चावी काढली.

"बाबांनी वाजवून दाखवलं ना, ते मला आवडलं होतं," मी म्हणाले. "आपल्या सातही गाण्यांपेक्षा जास्त. तेव्हाच कळलं होतं मला. पण तुमच्यासमोर त्यांची लाज वाटली. आणि त्यांना मी सांगितलं, वाया गेलं."