समुद्र नसलेल्या गावचा संघ

"मावशी, अजून एक वाटी वाढ," केल्विन म्हणाला, आणि ऑर्लीनला वाटलं, हा काही संघ सोडून जात नाही.

ओक्लाहोमा सिटीच्या बास्केटबॉल संघाचं स्वयंपाकघर ती सांभाळत होती. केल्विन एकोणिसाव्या वर्षी इथे आला तेव्हा नुसता हाडांचा सापळा. तिच्या भेंडी-कोंबडीच्या रश्श्यावर पोसला आणि देशभर गाजला. आता त्याचा करार संपला होता. लॉस एंजेलिसवाल्यांनी त्याला समुद्र दाखवला, सिनेमावाल्यांच्या पंगतीला बसवलं. इथल्या मालकांकडे दाखवायला होतं सपाट रान आणि वारा. म्हणून त्यांनी ऑर्लीनला रस्सा करायला सांगितलं.

जेवण झाल्यावर तो ताट घेऊन आत आला.

"मावशी, मी चाललो."

"पैसे जास्त देतायत?"

"छे, जास्त तर इथंच मिळतायत. पण तिथं नुसतं शिंकलं तरी बातमी होते. मोठमोठे खेळाडू सोबतीला येतात. इथं कोण येतं गं? मी एकट्यानं किती ओढायचं?"

"कोण येतं म्हणजे? तू आलास की."

"नव्या पोरांची संघांत वाटणी होते, कुठं जायचं ते त्यांना कुणी विचारत नाही, मावशी. मला इथं पाठवलं होतं."

तिने त्याच्या हातातलं ताट घेतलं. तो ओशाळून म्हणाला, "तिथल्या आचाऱ्याला हा रस्सा शिकवायचाय. सांगशील?"

ऑर्लीनच्या अंगाचा तिळपापड झाला. समुद्र त्यांचा, सिनेमा त्यांचा, पोरगाही त्यांचा, आता रस्सासुद्धा? तिने हसतमुखाने सगळं सांगितलं. फक्त शेवटी व्हिनेगर घालायचा, तेवढं सांगितलं नाही.

"अगं, सवतीवर जळावं तशी एका शहरावर जळतेस!" नवरा हॉबर्ट घरी म्हणाला.

"जळते. तुझं काय जातंय?"

हिवाळ्यात केल्विन परक्या संघाच्या कपड्यांत इथे खेळायला आला. सरावाला उतरला तेव्हाच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. सामन्याआधी तो मागच्या दाराने स्वयंपाकघरात डोकावला.

"काय रे, जमतो का तुमच्या आचाऱ्याला रस्सा?" तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुझ्यासारखा नाही."

तिचा चेहरा उजळला.

"आधी मिळमिळीत वाटायचा," तो म्हणाला, "आता तसाच आवडायला लागलाय."

तिने त्याच्यासाठी वाडगा भरून ठेवला होता. पण बाहेरून हाक आली, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तो गेला.

मैदानावर पुन्हा हुर्यो उठली. ऑर्लीनने वाडगा जवळ ओढला आणि ओट्याशी उभ्यानेच, सावकाश, सगळा रस्सा संपवला.