सहा अंशांतलं सावधान

उत्कर्षाने बाबांच्या निळ्या पँटचे पाय खालून दोनदा दुमडले, कंबर नाडीने आवळली आणि वरून शाळेचा स्कर्ट चढवला. आरशात पाहिलं. ध्यान दिसत होतं. पण थंडीच्या पंधरा दिवसांत पहिल्यांदाच आपले गुडघे आपल्याच मालकीचे आहेत असं तिला वाटलं.

"सोमवारी मला मीटिंग आहे," बाबा पांघरुणातूनच म्हणाले. हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागल्यावर घेतलेली ती त्यांची सगळ्यात भारी पँट. "तेव्हा काय मी तुझा स्कर्ट घालून जाऊ?"

"चालेल. फक्त गुडघ्याखाली चार बोटं पाहिजे. नियम आहे."

आईने चहाचा कप तिच्या हातात कोंबला. "आपल्या भंडाऱ्यात याच्याहून जास्त थंडी राहते बाप्पा. पण पोरं उन्हात बसवतात, शेकोटी पेटवतात. हे पुणेवाले सहा डिग्रीत लेकरं उघड्यावर उभी करतात, अन् वरून म्हणतात, गुलाबी थंडी! कुठं गुलाबी आहे, दाखवा ना मला."

उत्कर्षाला हसू आलं, पण चहा घाईने संपवून ती निघाली. आज सव्वीस जानेवारी होती. शनिवार पेठेतल्या तिच्या शाळेत संचलनाची ऑर्डर आजवर मुलगेच देत आले होते. यंदा पहिल्यांदाच मुलगी होती, आणि ती मुलगी म्हणजे वारज्याहून सायकल हाणत येणारी, दोन वर्षांपूर्वी 'का' ऐवजी 'काऊन' म्हटलं म्हणून वर्गभर हसं झालेली उत्कर्षा कापगते. कार्यक्रमपत्रिकेत नाव छापून आलं होतं. आईने एक प्रत देवघरात ठेवली होती.

काल मात्र रंगीत तालमीत घात झाला होता. उघड्या पायांवर वारा असा लागत होता की तिने ऑर्डर दिली ती "सा-सा-सावधान" अशी. मुलांच्या रांगा हसून फुटल्या. वर्गातल्या तेजसने तर दिवसभर तिच्या मागे "सा-सा" चालवलं होतं. त्याच्या पायात फुलपँट होती, त्यामुळे त्याला फार विनोद सुचत होते.

"थंडी मनात असते, कापगते," पीटीचे मोघे सर म्हणाले होते. कानटोपी, जाकीट आणि मफलर यांच्या आतून त्यांचा आवाज जेमतेमच बाहेर आला होता.

शाळा सुटल्यावर तिने नववीच्या सगळ्या मुलींना सायकल स्टँडपाशी गाठलं होतं. "उद्या सगळ्यांनी खाली पँट घाला. भावाची घाला, बाबांची घाला. एवढ्या जणींना घरी पाठवतील का?"

"नक्की!" सगळ्या म्हणाल्या होत्या. सगळ्यात मोठ्याने कादंबरी. ती नारायण पेठेतली, तिची आईही याच शाळेत शिकलेली.

आणि आता मैदानावर पोचल्यावर उत्कर्षाने पाहिलं, तर मुलींच्या रांगेत स्कर्टच स्कर्ट, आणि खाली थंडीने निळसर पडलेले पाय. कादंबरी समोर नजर लावून उभी होती. तिने मानही वळवली नाही.

"हे काय सोंग?" मोघे सर तरातरा आले. "आत जा आणि बदलून ये."

"नाही सर."

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. पाय गारठले की आवाज कापतो. मला ऑर्डर नीट द्यायची आहे."

"मग तू देऊच नकोस. तेजस! पुढे ये."

तेजस पुढे आला, पण त्याच्या तोंडून काही विनोद निघाला नाही. उत्कर्षा जागची हलली नाही. तिचे पाय अगदी गरम होते.

तेवढ्यात मुख्याध्यापिका सरोजिनीबाई आल्या. पांढऱ्या साडीला कडक इस्त्री, अंगात साधं ब्लाउज, शाल नाही, स्वेटर नाही. बाईंना थंडी वाजत नाही, असं शाळेत पिढ्यान् पिढ्या सांगत. त्यांनी निऱ्या चिमटीत धरल्या आणि ध्वजाच्या ओट्याची पायरी चढल्या. पायरी उंच होती. उत्कर्षा अगदी समोर उभी होती.

पांढऱ्या साडीच्या आत तपकिरी लोकर होती. घोट्यापर्यंत उतरलेली, जाड, पुरुषी पायजम्याची कड.

उत्कर्षाने नजर झटकन वर नेली. बाई तिच्याकडेच बघत होत्या.

"बाई, बघा ना," मोघे सर म्हणाले. "ही ऐकत नाही. म्हणते, थंडी वाजते."

सगळं मैदान ऐकत होतं. उत्कर्षाने तोंड उघडलं. एकच वाक्य पुरलं असतं. तिने ते गिळलं.

"बाई, मला फक्त ऑर्डर द्यायची आहे," ती म्हणाली.

बाई मोघे सरांकडे वळल्या.

"मोघे, पत्रिकेत नाव कोणाचं छापलंय?"

"कापगतेचं. पण ही पँट..."

"पँट देणार आहे का ऑर्डर?" बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या. "तेजस, जागेवर जा. आणि मोघे, ध्वजापुढे आहात. कानटोपी काढा."

सरांनी कानटोपी काढली. त्यांचे कान लगेच लाल झाले.

मागे काहीतरी सळसळलं. उत्कर्षाने वळून पाहिलं. कादंबरी वाकली होती. तिने स्कर्टच्या आत हात घातला आणि गुडघ्याच्या वर गुंडाळून दडवलेली पट्ट्यापट्ट्यांची विजार सर्रकन खाली सोडली. मग दुसरा पाय. शेजारची वाकली. तिच्या पलीकडची वाकली. चौकड्यांच्या, राखाडी, एक तर चक्क फुलाफुलांची, अशा विजारीच विजारी रांगभर खाली उतरत गेल्या.

"तुझं काय होतंय ते आधी बघत होते," कादंबरी ओठ न हलवता म्हणाली. "आता दे की ऑर्डर. आधीच उशीर झालाय."

नंतर भांडीनच हिच्याशी, उत्कर्षाने ठरवलं. मग छाती भरून गार हवा आत घेतली.

"पथक, सावधान!"

समोरच्या वाड्याच्या वळचणीतले पारवे उडाले. रांगांच्या टाचा एका दणक्यात जुळल्या. ओट्यावर बाईंनीही टाचा जुळवल्या, आणि त्या झटक्याने तपकिरी लोकर साडीबाहेर चांगली बोटभर उतरली.

बाईंनी खाली पाहिलं. निऱ्यांकडे गेलेला हात मध्येच थांबला, आणि त्यांनी तो तसाच सरळ शरीराला टेकवला.