गिअर ऑइलचा वास

रामनाथने बॉनेटवर तळहात ठेवला. गार होतं. बरं झालं! विकणारे महाबिलंदर असतात. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवतात, म्हणजे थंड गिअरबॉक्सची कुरकुर ऐकूच येत नाही. पण ही गाडी विकणाऱ्या हंसाबेनना गाडी चालवताच येत नव्हती. नवरा गेल्यापासून त्याचा हा पिकअप ट्रक इंद्रलोक वस्तीतल्या त्यांच्या बिल्डिंगखाली उभा होता.

ट्रक ऑटोमॅटिक होता, आणि रामनाथला तसाच हवा होता. वरसाव्याला त्याची रोपांची नर्सरी. डाव्या गुडघ्याने असा संप पुकारलेला, की क्लच दाबला की डोळ्यांपुढे तारे चमकायचे. टेम्पो विकून झाला होता. आता बिनक्लचची धड गाडी मिळाली नाही, तर नर्सरीला कुलूप लावायचं आणि पुण्याला विपुलच्या, म्हणजे मुलाच्या, हॉलमधल्या सोफ्यावर जाऊन बसायचं. त्या सोफ्याची त्याला मनापासून धास्ती होती.

त्याने रीतसर सगळं तपासलं. किलोमीटरच्या आकड्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. गिअरबॉक्सचं आयुष्य खातं ते ओझं आणि तापणं. गिअर 'डी'वर टाकला, गाडीने लगेच पकड घेतली. गायमुखच्या चढावर नेली, तिथेही इंजिन उगाच बोंबललं नाही. परत आल्यावर गिअर ऑइल मोजायची पट्टी काढून पांढऱ्या रुमालाला पुसली. डाग ना चांगल्या तेलासारखा लाल, ना खराब तेलासारखा काळा. कोऱ्या चहासारखा, मधलाच. आता फैसला वासावर. जळका वास आला, तर आतल्या प्लेटा जळत आल्या, गिअरबॉक्स थोड्या दिवसांचा सोबती.

आणि इथेच सगळं अडलं, कारण रामनाथला वासच येत नव्हता. कोरोनात नाक गेलं ते गेलंच. त्यानंतर त्याचं नाक म्हणजे बायको, सावित्री. दूध नासलंय, शर्ट बदला, सगळं तीच सांगायची. घराबाहेर पाऊल टाकलं की हटकून विचारायची, "गॅस बंद हाय ना?" तो करवादायचा, "हाय गं बाई, किती इचारशील!" गेल्या वर्षी तीही गेली. आता कोणी विचारत नव्हतं.

विकणाऱ्या बाईलाच कसं विचारायचं? "उद्या सांगतो," म्हणत त्याने रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला आणि नाक शोधत निघाला. कसली वेळ आली बघा माणसावर! मेकॅनिकवर भरवसा नाही, ते दलालांना मिळालेले. विपुलला फोन केला, तर तो म्हणाला, "बाबा, मीटिंगमध्ये आहे," आणि फोनवरून वास तरी कसा द्यायचा? तो नर्सरीत पोचला, तेवढ्यात एक बाई मोगरा घ्यायला आली. रामनाथने भाबडेपणाने रुमाल पुढे केला. "ताई, जरा हुंगून सांगता का?"

ती ताडकन मागे सरकली. "काका, काय चाललंय तुमचं?" मोगरा तिथेच टाकून ती रिक्षात बसलीसुद्धा. रामनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या मोठ्या गावात एक रुमाल हुंगायला आपलं म्हणावं असं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हंसाबेनच्या दारात उभा राहिला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. नाकाचं, सावित्रीचं, प्लेटांचंही. "जळका असंल तर मी गाडी न्हाय घेणार. आता तुम्हीच सांगा."

हंसाबेननी पिशवी सोडून रुमाल नाकाशी नेला. मग पुन्हा एकदा हुंगला.

"जळलेला येतोय, रामनाथभाई. यांच्या शर्टांना शेवटी शेवटी असाच यायचा. मी ओरडायची, कुठे काय जाळून आलात?"

"खोटं बोलला असतात तर गाडी खपली असती."

"हां. आणि तुम्ही घाटात अडकले असते. मला झोप आली असती?"

त्यांनी दिलेला चहा तो प्यायला. आलं होतं की वेलची, त्याला कळलं नाही. तो उठला, चपला घातल्या. मागून हंसाबेनचा आवाज आला, "भाई, गॅस बंद करून आलात ना? वास येत नाही म्हणता, म्हणून विचारते."

रामनाथ जिन्याचा कठडा धरून उभाच राहिला. नेहमीचं उत्तर ओठांवर आलं, ते त्याने गिळलं. "बघतो," एवढंच तो कसाबसा म्हणाला.

घरी पोचल्यावर चपला न काढताच तो ओट्यापाशी गेला. गॅस बंद होता. त्याने मोबाइल काढून हंसाबेनचा नंबर लावायला घेतला. स्क्रीनवर नाव आलं, 'ट्रकवाली बाई'. पण ट्रक तर घ्यायचाच नव्हता. नुसतं गॅस बंद आहे हे सांगायला परक्या बाईला फोन कसा करायचा? त्याने मोबाइल ओट्यावर ठेवला आणि रिकाम्या घराला सांगितलं, "बंद हाय."